पहिला शब्द कोणाचा

देवरूख, 6 जानेवारी 2025, सोमवार

नव्या मुलींचं प्रशिक्षण आज सुरू झालं. बचत गटाच्या बैठका चालवायच्या, ग्रामसंघाची बैठक लावायची, वेळ पडली तर वाडीची सभा सांभाळायची, असं त्यांचं काम. बहुतेक जणी आपापल्या गटाच्या सचिव राहिलेल्या आहेत, त्यामुळे वही लिहिण्यात पक्क्या. पंचसूत्री तर तोंडपाठ: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, चोख हिशेब. मी विचारलं, बैठकीत कोण कोण बोललं हे कुठे लिहिता? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने वही उघडून पुढे केली. पानापानावर ‘सर्वानुमते ठरले’. त्या सर्वांतल्या किती जणींनी तोंड उघडलं होतं, हे त्या वहीवरून कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून पहिलं काम दिलं. येत्या आठवड्यात कुठल्याही एका बैठकीला जायचं, मागे बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. कागदावर माणसं बसलीत तशी मांडायची, जो बोलेल त्याच्यापुढे रेघ ओढायची, आणि विषयावर पहिला शब्द ज्याने काढला त्याच्याभोवती गोल करायचा.

माझं मत इतक्या वर्षांत पक्कं होत गेलंय. बैठकीचा निकाल पुष्कळदा पहिल्या वाक्यातच लागतो, पुढचा सगळा वेळ त्या वाक्याला माना डोलावण्यात जातो. बैठक चालवणाऱ्या बाईचं खरं काम वेळ पाळणं, चहा सांगणं, ठराव लिहिणं याच्या कितीतरी आधी सुरू होतं. पहिलं कोणाला बोलतं करायचं, हे तिने घरून ठरवून निघायला हवं.

9 जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी एका वाडीच्या सभेला गेले. माझ्याबरोबर प्रशिक्षणातली एक मुलगी होती, कागद-पेन घेऊन. विषय पाण्याचा. तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन झऱ्याकडे निघतात. या वाडीला नळ आहेत, टाकी आहे, नदीकाठी विहीर आहे. तरी वरच्या घरांना पाणी पोचत नाही.

देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागच्या खांबांना टेकून. वाडीचे मानकरी तात्या यांनी देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि वळून म्हणाले, "बोअर मारायची. मुंबईवाले पैसे देतायत. दुसरा काय इलाज न्हाय." मग मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाच्या, सेक्रेटरींना फोन लागला, स्पीकरवर. तेही बोअरच म्हणाले. मग सरपंच. मग आणखी दोघे, दोघांचं तेच. कोणीतरी मागे वळून विचारलं, "बायकांचं काय म्हणणं?" खांबांकडून आवाज आला, "तुमी ठरवाल तां."

आमच्या मुलीच्या कागदावर पुढच्या रांगेत रेघाच रेघा, मागची रांग कोरी.

एक गोष्ट मी तिला परतताना दाखवली. पाणी सोडणारा भाऊ सभेत होता. दाराजवळ उभा, पायरीवर एक पाय. पंप चालू-बंद करतो तो, व्हॉल्व्ह फिरवतो तो. पाण्याबद्दल बोलणं इतका वेळ चाललं आणि त्याला कोणी काही विचारलं नाही.

11 जानेवारी, शनिवार

मुलींचे कागद आले. सगळ्यांचे जवळपास सारखे. गटाच्या बैठकीत अध्यक्षा, गावकीत मानकरी, शाळेच्या समितीत मुख्याध्यापक. गोल त्यांच्याभोवती.

त्यांना सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. 1951 साली त्याने अमेरिकेत प्रसिद्ध केलेला. एका खोलीत काही जणांना रेघा दाखवायच्या आणि कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे ते मोठ्याने सांगायला लावायचं. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण त्यातले एक सोडून बाकी सगळे अॅशने आधी पढवलेले. ते ठरवून चुकीचं उत्तर देत. खऱ्या परीक्षेला बसलेल्या त्या एकाची सुमारे एकतृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या मागे गेली. डोळ्यांना दिसतंय एक, तोंडातून निघतंय दुसरं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाकीच्यांतल्या एकानेच जरी खरं उत्तर दिलं, तरी मागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही.

तिथे तर साध्या रेघा होत्या. इथे सासरा समोर बसलेला असतो, थोरला दीर असतो, ज्यांच्याकडून उसने पैसे घेतलेत ते काका असतात. खांबाला टेकलेल्या बाईला भित्री म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिने हिशेब केलेला असतो, आणि तो बरोबर असतो. बैठक अशी मांडायला हवी की तिचा हिशेब बदलेल.

दुपारी मातृमंदिराच्या बाजूला काम होतं. इंदिराबाई हळबे, इथल्या सगळ्यांच्या मावशी, यांनी 1954 मध्ये छोट्या प्रसूतिगृहापासून सुरू केलेली ही संस्था. बाईने घराबाहेर पडून भरवशाने बसावं अशी जागा या गावात तेव्हापासून आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) सहयोगिनी, उमेद अभियानाच्या सीआरपी म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, या सगळ्या फार नंतर आल्या. त्यांच्या पायाखालची वाट आधीच कोणीतरी मळवलेली होती, हे या मुलींना ठाऊक असायला हवं. सोमवारी सांगीन.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मार्लेश्वरला आज देवाचं लग्न. आंगवलीहून मार्लेश्वराची पालखी, साखरप्याहून गिरिजादेवीची, देवरूखहून व्याडेश्वराची. मारळच्या रस्त्यावर सकाळपासून पाय ठेवायला जागा नाही.

गर्दीत उभी राहून मी मानकऱ्यांकडे बघत होते. कोण कुठे उभा राहणार, कोणाच्या हातात काय, कोणी कधी बोलायचं हे ज्याला त्याला पाठ. कोणाला ढकलावं लागत नाही, कोणाला गप्प करावं लागत नाही. एवढा मोठा सोहळा कागदाच्या चिठोऱ्याशिवाय पार पडतो तो या क्रमामुळे. शहरातले प्रशिक्षक येतात आणि मान, मानकरी हे सगळं मोडून काढा, सगळे सारखे, गोलात बसा, असं सांगून जातात. मला ते पटत नाही. क्रम लोकांच्या रक्तात आहे, तो वापरावा. तात्यांचा मान शेवटच्या शब्दाचाही असू शकतो.

16 जानेवारी, गुरुवार

तात्यांकडे गेले. ओटीवर बसून सुपाऱ्या सोलत होते. सभेच्या आधी माणसाला त्याच्या घरी जाऊन भेटणं हा या कामातला निम्मा भाग आहे आणि कुठल्याच प्रशिक्षणात तो नीट शिकवत नाहीत.

मी म्हटलं, "तात्या, पुढच्या सभेत नारळ तुम्हीच ठेवा, गाऱ्हाणं तुम्हीच घाला. पण पाण्यावर तुमचा शब्द शेवटी हवा."

"म्हंजे मी गप बसू?"

"तुम्ही आधी बोललात की पुढे कोणी बोलत नाही. मग वाडीच्या मनात काय आहे ते तुम्हालाच कळत नाही. सगळ्यांचं ऐका आणि मग सांगा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. सुपारी सोलणं चालूच. मग आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "माजी आयस त्या वरच्या झऱ्यावरनं पानी आनायची." एवढंच. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी उठताना म्हणाले, "बगू."

18 जानेवारी, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

वाडीतल्या बायका दुपारी एकीच्या खळ्यात जमल्या. वेळ त्यांनीच दिली होती: जेवणं आटोपल्यावर, गुरं परतायच्या आधी. सभा कधी लावली यावरूनच कळतं की ती कोणासाठी लावली. मी मुद्दाम फळा-खडू नेला नव्हता. रांगोळी, कोळसा, वीट आणि गेल्या वर्षीच्या काजूबियांची पिशवी. त्यांना म्हटलं, तुमच्या वाडीचं पाणी मला जमिनीवर काढून दाखवा.

रांगोळीचा डबा मी खाली ठेवला आणि मागे सरकले. रॉबर्ट चेंबर्स यांनी लोकसहभागाच्या या पद्धती जगभर पोचवल्या, त्यांचं सांगणं हेच: काठी गावाच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. ऐकायला सोपं आहे. डबा खाली ठेवल्यावर पहिली काही मिनिटं कोणीही हात लावत नाही, आणि त्या मिनिटांत तोंड बंद ठेवणं हे सगळ्यात अवघड कसब. माझ्याबरोबरची मुलगी दोनदा बोलायला गेली, दोनदा मी तिच्या हातावर हात ठेवला.

शेवटी एका म्हाताऱ्या काकींनी डबा उचलला. "व्हाळ हिकडं," म्हणून एक लांब रेघ ओढली. दुसरीने देऊळ काढलं. तिसरी म्हणाली, देऊळ एवढं खाली नाही. मग सगळ्या उठल्या. विहीर, पंपाची खोली, चढणीवरची टाकी, खाली उतरणारा पाइप, फाटे, व्हॉल्व्ह. घरांसाठी खडे. ज्या घरी पाणी पुरतं तिथे पान, जिथे पोचत नाही तिथे कोळसा. कोळसे सगळे वरच्या अंगाला आले, हे माहीतच होतं. पण मधल्या फाट्यावर एकीने चार काड्या टोचल्या. विचारलं तर म्हणाली, या चार नळांना तोट्या नाहीत, पाणी सुटलं की थेट पोफळींत जातं. तोट्या कधी मोडल्या, कोणाला आठवेना.

मग बियांचा खेळ. चार गोल काढले: बोअर, तोट्या आणि व्हॉल्व्ह, पाण्याची वेळ, वनराई बंधारा. प्रत्येकीला पाच बिया. एकदम जाऊन टाकायच्या, एकमेकींचं बघायचं नाही. अॅशच्या कागदाचं हे आमच्याकडचं रूप. बोअरच्या गोलात अगदी थोड्या पडल्या. पाण्याच्या वेळेच्या गोलात ढीग.

मला वाटलं होतं, पाणी दुपारी येतं, तेव्हा बायका कामावर, म्हणून वेळेवर एवढा जोर असेल. पण मागे एक धाकटी सून उभी होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. आतापर्यंत एक शब्द नाही. तिने सगळ्या बिया वेळेवर टाकल्या होत्या. मी तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही पाचही तिथेच का टाकल्यात?"

ती सासूकडे बघून हळू म्हणाली, "आमचं घर पंपाच्या खोलीला लागून. पंप पाऊण तास चालतो नि बंद होतो. टाकी अर्धीच भरते. भाऊंना सातची एसटी पकडायची असते."

खळ्यात सगळ्या गप्प झाल्या. पाणी सोडणारा भाऊ देवरूखला कामाला जातो हे सगळ्यांना माहीत. सकाळची गाडी सातची हेही माहीत. पंप सहा-सव्वासहाला सुरू होतो हे आवाजावरून माहीत. तिन्ही गोष्टी कोणी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. टाकी अर्धी भरली की दाब कमी, पाणी खालच्या घरांत आणि तोट्या नसलेल्या नळांतून पोफळींत, वरती कोळसे. यासाठी वाडी बोअर मारायला निघाली होती.

सासू म्हणाली, "मंग आदी बोलायचंस की." पण आवाजात राग नव्हता.

21 जानेवारी, मंगळवार

पाणी सोडणाऱ्या भाऊंना भेटले, स्टँडवर, गाडीच्या आधी. मानधन तुटपुंजं, तेही दोन-तीन महिन्यांनी हातात पडणारं. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "संध्याकाळी चालवायला मानूस द्या, टाकी रोज भरंल," म्हणाले. त्यांच्याकडे बोट न रोखता हे सभेत कसं यावं, हे आम्ही दोघांनी स्टँडवरच ठरवलं. दोष शोधण्याच्या सभेला ते दुसऱ्यांदा आले नसते.

रात्री वाचत बसले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल मुलींना सांगायचंय. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव सगळ्यांच्या ओळखीचं झालं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, तो भाग सगळे सांगतात. मला त्यांची बसण्याची रीत जास्त मोलाची वाटते. तिथे निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. आणि अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येतो, प्रश्न विचारतो, पण ठरवत काहीच नाहीत. ठरवायचं ग्रामसभेने. समजून घेणं आणि ठरवणं या दोन कामांना वेगवेगळा वेळ द्यायचा, एवढंच जरी आमच्या बैठकांनी उचललं तरी निम्मी भांडणं मिटतील. आमच्याकडे विषय कळायच्या आधीच हात वर होतात.

25 जानेवारी, शनिवार

महिला सभा. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी असं ग्रामपंचायत कायद्यातच आहे, तरी पुष्कळ ठिकाणी सह्यांचं पान फिरवून उरकतात. आज ती खरोखर झाली, आणि ती मी चालवली नाही. प्रशिक्षणातल्या त्याच मुलीने चालवली.

तिने एक प्रश्न फार छान वापरला. गॅरी क्लाइन या अभ्यासकाने 2007 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ही रीत मांडली होती, मी गेल्या आठवड्यात मुलींना सांगितली होती. काम सुरू करण्याआधीच ते फसलंय असं धरायचं आणि का फसलं ते सांगायचं. तिने विचारलं, "समजा आज 15 मे आहे. संध्याकाळचा पंप आपण जानेवारीत सुरू केला होता आणि आज नळाला पाणी नाही. काय झालं असेल?" चांगल्या बेतात खोट काढायची तर माणसं संकोचतात. फसलेल्या बेताची कारणं मात्र भराभर सुचतात. लाइट गेली असेल. पाणीपट्टी न भरल्याने विजेचं बिल थकलं असेल. संध्याकाळी पंप चालवणारी बाळंतपणाला माहेरी गेली असेल. विहिरीचंच पाणी खाली गेलं असेल. शेवटचं कारण तात्यांच्या घरच्या काकींनी सांगितलं, आणि ते ऐकून बंधाऱ्याचा विषय पुन्हा वर आला. व्हाळ अजून वाहतोय, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करून मातीने भरल्या तर बंधारा आठवड्यात उभा राहतो. त्याने विहिरीला आधार मिळेल.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. गणपूर्ती लागते मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. एरवी माणसं भरत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून तीच खरी सभा होऊन बसते. आज बायका आल्या, माणसं मोजावी लागली नाहीत. ग्रामसेवकांनी (पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) महिला सभेचा ठराव वाचून दाखवला.

तात्यांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि खाली बसले. मुंबईचा फोन लागला होता, सरपंचांनी सांगितलं, आधी वाडी बोलेल, मग मुंबई. पहिला शब्द पाणी सोडणाऱ्या भाऊंना दिला. ते पायरीवरून आत आले, एसटीची वेळ सांगितली, पाऊण तास सांगितला, संध्याकाळी दुसरं माणूस हवं म्हणाले. मग तोट्यांची बाई. मग धाकट्या सुनेने बसल्या जागेवरूनच टाकीचं सांगितलं, या वेळी सासूकडे न बघता. मुंबईचे सेक्रेटरी म्हणाले, "एवढंच आहे तर बोअरचे पैसे राहू देत, तोट्यांचे आम्ही देतो." त्यांचं बरोबर होतं, त्यांना आजवर एकच बाजू कळत होती.

तात्या शेवटी उठले. म्हणाले, "बोअर एप्रिलपतूर थांबवा. आदी टाकी भरा."

ठराव लिहिताना ‘करण्यात यावे’ असं लिहू दिलं नाही. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. संध्याकाळचा पंप बचत गटातल्या दोघी आळीपाळीने चालवतील, 1 फेब्रुवारीपासून. चार तोट्या मुंबई मंडळाच्या पैशांतून, बसवणार भाऊ, 31 तारखेपर्यंत. बंधारा येत्या रविवारी, घरटी एक माणूस. दोघींचं मानधन किती, यावर एकमत झालं नाही. ते ठरल्याचं दाखवलं नाही, पुढच्या बैठकीचा विषय म्हणून लिहिलं.

16 फेब्रुवारी, रविवार

वाडीची बैठक. मी मागे बसले, कागद घेऊन. रेघा दोन्ही रांगांत आहेत, पुढच्या रांगेत अजून जास्त.

टाकी रोज भरतेय. तोट्या बसल्या. बंधाऱ्यात कमरेएवढं पाणी साठलंय. मानधनावर वाद झाला, चांगला कडकडीत झाला. एक काका म्हणाले, बाईमाणसाला पंपाचं बटण दाबायचे पैसे कशाला. आमच्या मुलीने त्यांना थांबवलं नाही, उलट विचारलं की भाऊंना बटण दाबायचे मिळतात ते कशाला. मग रक्कम ठरली, भाऊंच्या निम्मी, कारण वेळ निम्मी. पाणीपट्टी महिन्याच्या महिन्याला गोळा करायची, हेही ठरलं. दोन घरांनी आपण भरणार नाही असं उघड सांगितलं, ते तसंच वहीत गेलं.

अगदी वरच्या दोन घरांना मात्र अजून पाणी चढत नाही. टाकी भरली तरी नाही. उंचीचाच प्रश्न असावा. गुरुवारी पंचायत समितीतून अभियंता बघायला येणार आहेत. त्यांच्याबरोबर चढण चढून जायला भाऊ आणि धाकटी वहिनी, दोघांची नावं लिहिली आहेत.